सीझनची सलामी : आमची शो जंपिंग टीम, सातात चौथी

तंगपट्टा | रविवार, रात्री १०.१५

घोड्यावरून अडथळे ओलांडायचे, ते शो जंपिंग. मागच्या वर्षी सीझनच्या पहिल्याच शोमध्ये आमच्या टीमचं नाव निकालाच्या कागदावर होतं, पुढे आकडा मात्र नव्हता. चौघांतले दोघं बाद झाले होते आणि टीमचा निकाल लागायला तिघांचे तरी राउंड पुरे व्हावे लागतात. यंदा सात टीममध्ये चौथे आलो. कप नाही, रिबन नाही. तरी धागा काढतोय, कारण मधल्या काळात आम्ही एक गोष्ट वेगळी केली. ती खरंच लागू पडली की नुसता योगायोग, यावर इथल्या जाणकारांशी भांडायचं आहे.

आधी मंडळींची ओळख. क्लब पुण्याजवळचा, छोटा. मी स्वार नाही. एंट्र्या भरणं, ट्रक ठरवणं, घोड्यांचे पासपोर्ट आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या तपासणीचे कागद सांभाळणं ही माझी कामं. घोडे चार. मल्हार, वय सोळा, ज्याच्या पाठीवर निम्मा क्लब बसायला शिकला. चांदणी, रेसकोर्सवरून निवृत्त झालेली आठ वर्षांची थरोब्रेड घोडी. कॅप्टन, जाडजूड आणि प्रामाणिक. आणि बिजली, नावाप्रमाणेच. मल्हारवर माझी नववीतली भाची, चांदणीवर इंजिनिअरिंगची मुलगी, कॅप्टनवर डॉक्टरताई (दवाखाना उघडायच्या आधी सकाळी सहाला येतात), बिजलीवर आयटीवाला. स्वतःचा घोडा फक्त डॉक्टरताईंचा. बाकी सगळे बारगीर, त्या एकट्या शिलेदार.

उंची ९० सेंटिमीटर. कोर्स ३८० मीटरचा, नऊ अडथळे, सातवा डबल (अ आणि ब, लागोपाठ दोन उड्या). वेळ ७१ सेकंद. दोन राउंड, कोर्स तोच. चौघांतला सगळ्यात वाईट राउंड सोडून द्यायचा, तिघांचे फॉल्ट धरायचे.

पहिला राउंड : मल्हारने एकही पोल पाडला नाही, पण वेळेचे २. चांदणी ८. कॅप्टन ४. बिजली ८, त्यातले ४ नकाराचे. धरले १४.
दुसरा राउंड : मल्हार क्लिअर. चांदणी ४. कॅप्टन ८. बिजली ४. धरले ८.
एकूण २२. तिसऱ्या आलेल्या टीमचे २०.

हो, मल्हारचे ते दोन.

आता मुद्दा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबर लागेपर्यंत आमच्या मैदानात रबरबाट असतो. निचरा होणारं वाळूचं मैदान आम्हाला परवडत नाही. मागच्या पावसाळ्यात जरा उघडीप मिळाली की उड्या घ्यायच्या असं चाललं होतं. घोडे घसरायचे, मग उडीलाच बिचकायचे. यंदा कोचने सांगितलं, पावसाळ्यात एकही उडी नाही. पत्र्याच्या शेडखाली जमिनीवर पोल मांडले, ट्रॉटला (दुडक्या चालीला) साधारण १.३ मीटरवर, कँटरला (संथ दौडीला) तीन मीटरच्या आसपास. त्यावरून जायचं, वळायचं, चाल बदलायची, थांबायचं, दोन पावलं मागे घ्यायचं, परत. आयटीवाला वैतागून म्हणाला की पैसे उडीचे घेता आणि प्रदक्षिणा घालायला लावता. ऑक्टोबरात मैदान वाळल्यावर उड्या सुरू झाल्या, त्याही आठवड्यातून दोनदा आणि ८० सेंटिमीटरच्या वर नाही.

म्हणजे उड्या न मारल्यामुळे उड्या सुधारल्या, असं माझं म्हणणं. घ्या झोडून.

निवांत_पुणेकर | रविवार, रात्री १०.५२

मस्त लिहिलंय, पण आम्ही पडलो पर्वतीच्या पायऱ्यांवर धापा टाकणारे. फॉल्ट म्हणजे काय, घोड्याने नकार दिला म्हणजे काय, आणि माणूस पडला तर काय, हे जरा बालवाडीच्या पातळीवर सांगा. आणि घोडा जास्तीत जास्त किती उंच उडू शकतो?

तंगपट्टा | रविवार, रात्री ११.१०

पोल पाडला की ४. अडथळ्यापाशी घोडा थांबला किंवा बाजूने निघून गेला तर तो नकार, पहिल्यांदा ४, दुसऱ्यांदा आमच्या क्लासमध्ये बाद. स्वार पडला तर थेट बाद, मग तो कितीही रुबाबात परत चढो. वेळ ओलांडली की या स्पर्धेत सुरू झालेल्या प्रत्येक सेकंदाला एक. भाचीला लागले ७२ सेकंद आणि वर थोडं, म्हणून दोन. पोलला घोड्याचा पाय नुसता लागला आणि पोल जागेवर राहिला तर काहीच नाही. त्या खडखड आवाजाला प्रेक्षकांत बसलेल्या पालकांचे प्राण कंठाशी येतात.

उंचीचा विक्रम २.४७ मीटरचा आहे. ५ फेब्रुवारी १९४९, चिली देशातलं विन्या देल मार, घोडा वासो, स्वार आल्बेर्तो लारागिबेल. अजून कुणी मोडलेला नाही. आणि वासो हा मुळात थरोब्रेड, रेसमध्ये न चाललेला. हे मी चांदणीला रोज सांगतो.

परतीचा_पाऊस | सोमवार, सकाळी ७.३०

अभिनंदन, पण आकडे नीट लावा की राव. मी मागच्या वर्षी तिथे होतो. शोच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता, वळणावर घोड्यांच्या टाचा फिरत होत्या. सातपैकी चारच टीमना निकाल मिळाला. म्हणजे तुम्ही मागच्या वर्षी नुसते कसेबसे राउंड पुरे केले असते तरी फार तर पाचवे आला असतात. यंदा मैदान खडखडीत, सातही टीम पूर्ण. पाचव्याचे चौथे झालात. एवढ्यावरून पावसाळी प्रशिक्षणाचा सिद्धांत?

दुसरं, यंदाचा कोर्स सोपा होता. डिझायनरने सीझनचा पहिला शो म्हणून हात आखडता घेतला होता आणि ते योग्यच आहे. चौथ्या-पाचव्या अडथळ्यामधली लाइन सोडली तर डोकं लावायला लागेल असं काही नव्हतं. तिसऱ्यावरून चौथ्याकडे एवढी मोकळी जागा की तिथे ट्रक वळला असता. तुमची भाची तिथेच ट्रकसारखी वळली, म्हणून ते दोन फॉल्ट.

तंगपट्टा | सोमवार, सकाळी ८.०५

ट्रकसारखी :)) हे तिला दाखवलंय. दुसऱ्या राउंडला ती आतून वळली आणि वेळेच्या आत आली हेही पाहिलं असेल.

कोर्स सोपा होता हे मान्य. पण सगळ्यांनाच सोपा होता ना? दुसऱ्या राउंडला सातपैकी चार टीमचे फॉल्ट पहिल्यापेक्षा वाढले. घोडे दमले, ऊन चढलं, स्वार घाई करायला लागले. आमचे १४ वरून ८ वर आले. हे सोप्या कोर्समुळे झालं असेल तर त्या चौघांना तो कोर्स कमी सोपा होता काय?

सेवानिवृत्त_स्वार | सोमवार, दुपारी १२.४०

आमच्या काळी रिमाउंट, म्हणजे लष्करात नवा घोडा आला की महिनोन्महिने उडीचं नाव काढू देत नसत. उस्ताद म्हणायचे, घोड्याला उडी शिकवावी लागत नाही, उडीपर्यंत पोहोचायला शिकवावं लागतं. तुमचे कोच जुन्या वळणाचे दिसतात. त्यांना नमस्कार सांगा.

उडीच्या वेळी स्वाराने पुढे झुकायचं, घोड्याची पाठ आणि मान मोकळी सोडायची, ही पद्धत तरी किती जुनी? इटलीचा कॅप्रिली, घोडदळातला कॅप्टन, वारला १९०७ साली. त्याच्याआधी लोक उडीवर मागे रेलून लगाम ओढायचे आणि घोड्याच्या तोंडाची वाट लावायचे. जुनी चित्रं बघा, कळेल.

आता थोडं कटू. आपल्याकडे घोडेस्वारीत आशियाई पदकं आहेत, पण बहुतेक सगळी इव्हेंटिंगची (ड्रेसाज, माळरानावरच्या उड्या आणि शो जंपिंग, तिन्ही मिळून एक स्पर्धा). १९८२ ला दिल्लीत हा खेळ आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा आला, तेव्हा रघुबीर सिंगांचं वैयक्तिक सुवर्ण आणि टीमचं सुवर्ण दोन्ही इव्हेंटिंगमध्ये. २०१८ ला जकार्तात फवाद मिर्झाचं रौप्य आणि टीमचं रौप्य, तेही इव्हेंटिंग. २०२३ ला हांगझोउमध्ये टीम सुवर्ण आलं, ४१ वर्षांनी, ते ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या आखीव चालींच्या स्पर्धेत. त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. शो जंपिंगमध्ये आपण मागेच. कारण ९० सेंटिमीटरवर प्रामाणिक घोडा पुरतो, दीड मीटरच्या पुढे त्यासाठीच पैदास केलेला घोडा लागतो आणि तो युरोपातून आणावा लागतो.

आखेनची_वाट | सोमवार, रात्री ९.२०

काका, आणायला लागतो आणि मग तिथेच ठेवायलाही लागतो. हांगझोउचे आपले चौघंही युरोपात राहूनच तयार झाले. भारतातून घोडा बाहेर न्यायचा म्हटलं की रोगमुक्तीच्या कागदांवर गाडी अडायची. आता मीरतच्या छावणीत रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्राला २०२५ मध्ये रोगमुक्त विभाग म्हणून जागतिक मान्यता मिळाली आहे. त्यामुळे पुढे काही फरक पडेल अशी आशा.

मी जर्मनीत आखेनजवळ राहते. इथे उन्हाळ्यात सोअर्स भागातल्या हिरवळीवर घोडेस्वारीचा मोठा मेळा भरतो आणि शेवटच्या दिवशी सगळं स्टेडियम पांढरे रुमाल हलवून घोड्यांना निरोप देतं. पण मला सांगायचंय ते त्याबद्दल नाही, गावातल्या क्लबांबद्दल. इथे खालच्या वर्गांना फॉल्ट मोजणाऱ्या स्पर्धा असतात तशा शैलीच्याही असतात. परीक्षक शून्य ते दहामध्ये गुण देतो. बैठक कशी, हात कसे, लय राखली का, वळणं कशी घेतली, घोडा शांत आहे का. पोल पडला तर अर्धा गुण वजा, बस. म्हणजे नशिबाने क्लिअर गेलेला भेदरट राउंड खाली जातो आणि एक पोल पाडलेला सुरेख राउंड वर येतो. तुमच्या वादाचं उत्तर फॉल्टमध्ये सापडणारच नाही, त्यासाठी असं काहीतरी हवं.

तंगपट्टा, व्हिडिओ आहेत का?

तंगपट्टा | सोमवार, रात्री ९.४५

आहेत. व्यनि (खासगी निरोप) करतो. मागच्या वर्षीचेही पाठवतो, पण ते जेवणाआधी बघू नका.

रानवारा | मंगळवार, सकाळी ९.१०

मला यातलं कळत नाही, पण एक विचारतो, राग मानू नये. घोड्याला या सगळ्याची हौस आहे का? तोंडात लोखंड, पायाला स्पर, हातात चाबूक, नोव्हेंबरातही दुपारी ऊन असतं. आणि नको म्हणाला की चार फॉल्ट.

सेवानिवृत्त_स्वार | मंगळवार, सकाळी १०.३०

विचारलंत ते बरं केलंत. नियम सांगतो. सलग तीनपेक्षा जास्त वेळा चाबूक चालवता येत नाही. कुशीवर स्परमुळे रक्त दिसलं तर स्वारावर कारवाई. वॉर्मअपच्या जागीही पंच उभे असतात. पण नियम असला म्हणजे सगळे पाळतात असं म्हणणार नाही, ५० वर्षं बघतोय. माझी खूण साधी आहे. राउंड संपल्यावर स्वाराने लगाम मोकळा सोडला की घोडा मान खाली लांबवून फुरफुरतो का, की मान वर करून डोळे फिरवत राहतो? पहिला ठीक आहे. दुसऱ्याच्या मालकाशी बोलायला हवं.

तंगपट्टा | मंगळवार, सकाळी ११.००

बिजलीच्या नकाराचंच उदाहरण देतो. आठव्या अडथळ्याखाली निळा ट्रे होता, पाण्यासारखा चकाकणारा. घोड्याला लाल आणि हिरव्यातला फरक फारसा कळत नाही, निळा आणि पिवळा मात्र ठळक दिसतो. शिवाय ऐन उडीच्या वेळी नाकासमोरचं त्याला दिसतच नाही, आधी पाहिलेल्यावर भरवसा ठेवून उडतो. बिजलीने ट्रे पाहिला, ब्रेक मारला, नाक खाली घालून हुंगला. आयटीवाल्याने चाबूक उचलला नाही. घोडी वळवली, तिला लांबून परत दाखवला, पायाने सांगितलं. दुसऱ्या खेपेला गेली. त्या गडबडीत नववा पाडला. दुसऱ्या राउंडला ट्रेवरून जाताना ती गरजेपेक्षा फूटभर उंच उडाली, प्रेक्षक हसले.

कँटर_कन्या | मंगळवार, रात्री ११.३५

काका, माझ्या आठ फॉल्टांची जाहिरात केल्याबद्दल आभार. सबमिशन संपवून आत्ता धागा वाचला. चांदणीवर मी होते, तेव्हा चार-पाचच्या लाइनबद्दल मीच सांगते.

कोर्स वॉकला चौथ्या अडथळ्याच्या, म्हणजे ऑक्सरच्या (पुढे-मागे पोल असलेल्या रुंद उडीच्या), मागच्या पोलला टाच लावून मी पाचव्यापर्यंत पावलं मोजली. तेवीस आली. घोड्याची एक स्ट्राइड (ढांग) साधारण ३.६ मीटर, म्हणजे माझी चार पावलं. उतरायला दोन, उडायला दोन, मधल्या पाच स्ट्राइडची वीस. चोवीस असती तर पाच आरामात बसल्या असत्या. तेवीस म्हणजे पाच, पण आवळून. कोच शेजारी उभे होते, एवढंच म्हणाले, "उतरलीस की लगेच बस."

मागच्या वर्षी अगदी अशीच लाइन होती. ऑक्सरवरून उतरल्यावर चांदणीला पुढे मोकळी जागा दिसली की तिच्यातली रेसची घोडी जागी होते. ती लांब झाली, मी घाबरून पुढे झुकले आणि लगाम धरून लोंबकळले, तिने मान वर काढली, पाठ पोकळ केली. चार स्ट्राइडमध्ये गेलो आणि पाचवा अडथळा छातीने तोडला. पुढचा तिने दोनदा नाकारला. तिची काय चूक?

या वेळी उतरता उतरता खांदे मागे घेतले, पाय मिटून ठेवले आणि बाहेरचा लगाम धरून सोडला, धरून सोडला. मी मोठ्याने मोजते, लाज सोडून दिलीये. एक लांब. दोन लांब. तीनला तिचा एक कान मागे आला, म्हणजे ऐकतेय, आणि स्ट्राइड लहान झाली. चार. पाच. पुढच्या पायाने पोलला टिचकी लागली, पोल कपात (तो टेकतो त्या खोबणीत) हलला आणि राहिला. दुसऱ्या राउंडला तीही लागली नाही.

आणि त्याच आनंदात पहिल्या राउंडला सात-अ ला वेगात घुसले. खोल उतरलो, ब अगदी नाकाजवळ आला आणि पुढच्या पायांनी घेऊन गेली. नववा पाडला तो माझ्या घाईने.

काका, तुमच्या सिद्धांताबद्दल बोलायचं तर उड्या बंद ठेवल्याने काही झालं असं मला वाटत नाही. शेड लहान आहे ना, त्याने झालं. तिथे घोडा चार स्ट्राइड सरळ पळाला की समोर भिंत. दर चार स्ट्राइडला बसा, तोलून घ्या, वळा. पावसाळाभर चांदणीने आणि मी दुसरं काही केलंच नाही. मोठ्या मैदानात ती पळत राहिली असती आणि मीही तिला पळू दिलं असतं.

परतीचा_पाऊस | बुधवार, सकाळी ७.१०

हे पटलं. खरंच पटलं. तेवीस पावलांत पाच बसवणं सोप्या कोर्सवरही सोपं नसतं, तिथे चार घालून आपटलेले दोघं मी स्वतः पाहिले. पण मग श्रेय शेडच्या बिल्डरला द्या, कोचला कशाला :)

खरारा | बुधवार, दुपारी २.४५

सगळे बोलले, आता माझं ऐका. माझे वडील सईस होते, ३० वर्षं तबेल्यात गेली. मी नोकरी दुसरी करतो पण सुटीला तबेल्यातच असतो. या शोलाही दुसऱ्या क्लबच्या घोड्यांबरोबर होतो आणि तुमचे घोडे शेजारच्याच स्टॉलमध्ये बांधलेले होते.

चांदणीचे पुढचे खूर बघितले का कुणी? मागच्या वर्षी तिची खुराची बोटं लांब होती. खुराचं पुढचं टोक वाढलं की पाय उचलायला उशीर होतो, पोलला अगोदर टोकच लागतं. रेसवरून आलेल्या बऱ्याच घोड्यांचे पुढचे खूर असेच असतात, पुढे लांब आणि मागे टाच दबलेली. ते एका नालबंदीत सुधारत नाहीत. दर पाच-सहा आठवड्यांनी थोडं थोडं मागे आणावं लागतं, वर्ष जातं. यंदा तिचे खूर बघण्यासारखे झालेत. तुमच्या सईसला मी विचारलं तर म्हणाला, नालबंद बदलला आणि नवा येतो तेव्हा तो स्वतः शेजारी उभा राहतो.

दुसरं, चंदी. मागच्या वर्षी ओट भरपूर आणि काम कमी, म्हणून घोडी डोक्यावर चढलेली. यंदा ओट कमी करून गवत वाढवलंय. हेही त्यानेच सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं.

तिसरं. दोन राउंडच्या मध्ये दीड तास होता. बाकीचे घोडे उन्हात बांधलेले होते, स्वार सेल्फी काढत होते. तुमचा सईस चारही घोडे सावलीत फिरवत होता, पायांवर पाणी मारत होता, तंग सैल करून खोगीर उतरवलेलं होतं. मल्हारचा खूर उचलून त्यातला खडा काढताना मी पाहिला, हरभऱ्याएवढा होता. तो तसाच राहिला असता तर दुसऱ्या राउंडला तुमचा मल्हार क्लिअर गेला असता का? चार टीमचे फॉल्ट का वाढले आणि तुमचे का घटले, याचं उत्तर तुम्ही शेडमध्ये शोधताय.

धाग्यात घोड्यांची नावं आली, स्वारांची ओळख आली, सईसची नाही आली.

आखेनची_वाट | बुधवार, रात्री १०.०५

खरारादादा, इथे हे दुप्पट ठळक अक्षरात छापायला हवं.

व्हिडिओ पाहिले. इथल्या परीक्षकासारखे गुण द्यायचा प्रयत्न केलाय, कुणी मनाला लावून घेऊ नका. चांदणी, पहिला राउंड, शैलीचे ६.८, दोन पोलचा एक वजा, राहिले ५.८. दुसरा राउंड ७.०, एक पोल, ६.५. मागच्या वर्षीचा राउंड पुरा असता तरी चारच्या वर दिले नसते. भाची पहिल्या राउंडला ७.४ आणि दुसऱ्याला ७.२. दचकू नका. दुसऱ्यात ती वेळेच्या मागे लागली आणि तिसऱ्यानंतरच्या वळणात हाताने घोडा ओढला. मल्हारने सांभाळून घेतलं म्हणून क्लिअर. डॉक्टरताईंच्या घोड्याचा कँटर दुसऱ्या राउंडला थकलेला दिसतो, तीन ठोक्यांची चाल चौठोकी व्हायला लागलीय. आठ फॉल्ट तिथूनच आले. बिजली पहिल्या राउंडला ६.० (नकाराचा आणि पोलचा मिळून एक वजा, पण नकार हाताळला सुंदर).

म्हणजे माझ्या कागदावर तुमची टीम सुधारली आहेच, पण तीन घोडे सुधारलेत आणि कॅप्टन मागे पडलाय. फॉल्टमध्ये ते दिसलं नाही, कारण त्याचे आठ तुम्ही सोडून दिलेत. टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये टीमला तीनच स्वार आहेत, सोडायला काही नाही. तिथे असतात तर कॅप्टनकडे आधी लक्ष गेलं असतं.

तंगपट्टा | गुरुवार, सकाळी ८.२०

कॅप्टनचं बरोबर पकडलंत. डॉक्टरताईंना कळवलं, त्यांनी लगेच डॉक्टरी सुरू केली. पशुवैद्य येऊन गेले, लंगडेपणा नाही, अंगात ताप नाही, वजन मात्र वाढलंय. पावसाळ्यात बाकीचे तिघं शेडमध्ये रोज फिरले, कॅप्टन आठवड्यात दोनदा, कारण ताईंना वेळ तेवढाच आणि त्यांचा घोडा दुसऱ्या कुणाला द्यायची त्यांची तयारी नव्हती. आता भाची शाळेआधी त्याला फिरवणार आहे. ताईंनी परवानगी दिली, तीही तोंड वाकडं करूनच.

म्हणजे बघा, ज्याने शेडमधलं काम कमी केलं तोच मागे पडला. माझा सिद्धांत अजून उभा आहे, खरारा यांचे खूर आणि चंदी त्याच्या शेजारी उभे करायला माझी हरकत नाही. चौघांचा नालबंद एकच, चौघांचा सईस एकच. फरक पडला तो कामात. परतीचा_पाऊस, बोला.

सईसला धागा वाचून दाखवला. मधे दोनदा थांबवून त्याने खड्याचा भाग परत वाचायला लावला. नाव टाकू का विचारलं तर नको म्हणाला, गावाकडे चुलत्याला दाखवायला प्रिंट मागितलीय.

परतीचा_पाऊस | गुरुवार, सकाळी ९.००

एका घोड्यावरून सिद्धांत होत नाही. पण पुढच्या पावसाळ्यात कॅप्टनलाही शेडमध्ये घाला आणि पुढच्या सलामीला मी स्वतः कागद-पेन्सिल घेऊन येतो. अट एकच, पाऊस पडला तर तुलना रद्द.

सेवानिवृत्त_स्वार | गुरुवार, सकाळी ११.१५

टीमच्या क्रमाबद्दल कुणी बोललं नाही. मल्हारला पहिला काढलात, चूक नाही, भरवशाचा घोडा पुढे गेला की मागच्यांना कोर्स कसा चालतो ते कळतं. पण भाची लहान आहे आणि पहिल्या स्वाराला पाहायला पुढे कुणी नसतं. वळण किती आतून घेता येतं हे तिला दुसऱ्याचं बघून कळलं असतं. त्या दोन फॉल्टांचं मूळ तिथे आहे. आणि शेवटी थंड डोक्याचा स्वार हवा, बिजली नको.

जाता जाता, कॅप्टनसारख्या जाड घोड्याला नावं ठेवू नका. अमेरिकेत हॅरी डिलेयरने १९५६ ला कत्तलखान्याकडे निघालेला नांगराचा घोडा ८० डॉलरला घेतला होता, स्नोमॅन. दोन वर्षांत तो देशातला सर्वोत्तम जंपर झाला.

रानवारा | गुरुवार, दुपारी १.३०

सगळं वाचतोय, पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळालं. आता दुसरा. आमच्या भागात धनगरांच्या वाड्याबरोबर भीमथडी तट्टं असतात, पाठीवर बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या घेऊन घाट चढतात. त्यांना का नाही कुणी उड्या मारायला लावत? की त्यांना इंग्रजी बोलता येत नाही म्हणून?

खरारा | गुरुवार, दुपारी ३.००

:)) भीमथडी उंचीला कमी, पण पाय आणि खूर असे की नालबंद बेकार व्हावा. मोठ्या माणसांच्या ९० सेंटिमीटरला अवघड जाईल. लहान मुलांच्या ५०-६० च्या क्लासला मात्र का नाही? घाटातला ओढा जो बोजासकट ओलांडतो त्याला तो निळा ट्रे काय घाबरवणार? कुणी क्लबने एक घेऊन बघावं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उंच मारवाडी घोड्यांपुढे त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ही खरी अडचण.

निवांत_पुणेकर | गुरुवार, संध्याकाळी ६.४०

मी आता सगळ्यांना "उतरलीस की लगेच बस" म्हणत फिरतोय. पुढचा शो कधी? घरच्यांना घेऊन येतो. तिकीट असतं का?

तंगपट्टा | गुरुवार, रात्री ८.१०

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तिकीट नाही, टोपी आणि पाण्याची बाटली आणा, वॉर्मअपच्या दोरीच्या आत येऊ नका आणि घोड्याच्या मागून जाऊ नका. लेकरांना फुगे घेऊन देऊ नका.

सेवानिवृत्त_स्वार काकांचा मुद्दा कोचना सांगितला. त्यांनी क्रम बदललाय. कॅप्टन दुसरा, बिजली तिसरी, भाची शेवटी.

कँटर_कन्या | गुरुवार, रात्री ८.१४

थांबा. म्हणजे पहिली मी?

तंगपट्टा | गुरुवार, रात्री ८.१५

फोन उचल, कोच मघापासून लावतायत.